एका व्याख्यानाचा दक्षिण दौरा

शुक्रवार, कोल्हापूर

व्याख्यात्याचा दौरा व्याख्याता ठरवत नाही, कार्यवाह ठरवतात. ऑक्टोबरात कोल्हापूरच्या एका वाचनालयातून फोन आला, विषय विचारला. मी ‘मराठी छापखान्याची गोष्ट’ म्हटलं आणि मग कितीतरी दिवस कोणी काही बोललंच नाही. दिवाळीनंतर एकदम वेळापत्रक हातात पडलं. मधल्या काळात कोल्हापूरकरांनी बेळगावला, बेळगावकरांनी मडगावला, मडगावकरांनी सावंतवाडीला फोन करून मला परस्पर वाटून घेतलं होतं. पुण्याहून एक माणूस आणायचा तर गाडीभाडं, मुक्काम आणि मानधन हे सगळं एका छोट्या वाचनालयाच्या अंगावर येतं. तोच माणूस ओळीनं पाच-सहा गावांतून फिरवला की प्रत्येकाला मागच्या गावापासून आपल्या गावापर्यंतचाच खर्च पडतो. गावोगावच्या व्याख्यानमाला या फोनाफोनीवर चालतात, हे श्रोत्यांना सहसा माहीत नसतं.

ही सगळी उठाठेव तशी जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. त्याच्याही आधी, १८४८ मध्ये, मुंबईत मराठी ज्ञानप्रसारक सभा निघाली होती. दादोबा पांडुरंग तिचे पहिले अध्यक्ष, आणि तिथं लोक निबंध लिहून आणून वाचत. आज वाचून दाखवणारा वक्ता कोणाला चालत नाही. मला मात्र कागद लागतो आणि मी तो लपवतही नाही.

कोल्हापूर हे वाचनालयांच्या बाबतीत तालेवार शहर. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, तेव्हाचं नाव ‘कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी’. संध्याकाळी साडेसहाची वेळ होती. ईशस्तवन, दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक आणि परिचय उरकून मी उभी राहिले तेव्हा सव्वासात झाले होते. परिचय करून देणाऱ्या गृहस्थांनी मी पाठवलेल्या माहितीतलं एक अक्षर गाळलं नाही. माहिती अर्ध्या पानाची पाठवावी, हा धडा प्रत्येक नव्या व्याख्यात्यानं आधीच गिरवावा.

श्रोते साठीच्या पुढचे, पण कान तिखट. मी नाना फडणवीसांच्या काळातल्या त्या खटपटीबद्दल सांगत होते, म्हणजे पुण्यात एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून घेऊन गीता छापायचा घाट घातला गेला, त्याबद्दल. नाना १८०० मध्ये गेले. काम पुढं मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयानं पुरं झालं, १८०५ मध्ये. आणि त्याच १८०५ मध्ये तिकडं बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरीनं मराठीचं व्याकरण छापलं. मिरज इथून तासा-दीड तासावर, त्यामुळे सभागृहात जरा चुळबूळ झाली. प्रश्नांच्या वेळी एक आजोबा उठले. घरचा धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं घालायचा. म्हणाले, “बाई, भांड्यावर नाव घालताना अक्षर सुलट घालतात. छापायचं म्हटल्यावर उलटं कोरायला लागलं असणार. त्यो तांबट हाताला आलेली सवय मोडून बसला असंल, हे सांगा की लोकास्नी!”

हे मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. बेळगावच्या टिपणात मी ते रात्रीच घातलं.

शनिवार, बेळगाव

निपाणी, संकेश्वर मागं टाकत दुपारी बेळगावात. सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बस कोगनोळीलाच अडकतात. आम्हाला तसं काही झालं नाही. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला. तो प्रोजेक्टर सांभाळतो, पुस्तकांचं टेबल मांडतो आणि मी वेळेबाहेर गेले की मागच्या रांगेत उभा राहून मनगटावर बोट ठेवतो.

बेळगावात व्याख्यानाला जाणं म्हणजे ऐकणाऱ्यांची परंपरा असलेल्या गावात जाणं. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, आणि बॅरिस्टर नाथ पैंच्या नावाची व्याख्यानमाला ते चालवतं. नाथ पै गेले ते याच शहरात, १८ जानेवारी १९७१ ला. त्यांच्या भाषणांची आठवण सांगणारी माणसं अजून भेटतात. १९४६ चं साहित्य संमेलनही इथलंच. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्या मांडवात झाला. साहित्याच्या मांडवात राजकारण नको म्हणणाऱ्यांना बेळगावकर आजही याची आठवण करून देतात.

मी मात्र बाबा पदमनजींवर भर द्यायचं ठरवून आले होते. जन्म बेळगावचा, १८३१ चा. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती ‘यमुनापर्यटन’ त्यांची, १८५७ ची. विधवांच्या हालअपेष्टांवर लिहिलेली. ते ख्रिस्ती झाले, आणि मग त्यांच्या शहरानंही त्यांची फारशी आठवण ठेवली नाही, असं मला वाटतं. सभागृह भरलं होतं, टाळ्या चांगल्या पडल्या. पण प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी प्रश्न म्हणून दहा मिनिटांचं भाषण केलं, दुसऱ्यांनी त्यांना उत्तर म्हणून तेवढंच मोठं भाषण केलं आणि अध्यक्षांनी दोघांचे आभार मानले. मोठ्या शहरात असं होतंच. पदमनजींबद्दल कोणी विचारलं नाही. बाहेर पडताना जिन्यात एका मुलीनं ते कुठल्या गल्लीत राहायचे ते विचारलं. तिला पत्ता देता आला नाही. पण तिनं ते शोधून काढलं तर मला फार आवडेल.

रविवार, बेळगावजवळचं एक खेडं

महाराष्ट्रातल्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल, पण हिवाळ्यातल्या रविवारी बेळगाव तालुक्यात साहित्य संमेलनं भरतात आणि तीही खेड्यांत. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, बेळगुंदी ही त्यातली नावाजलेली. आम्ही गेलो ते गाव त्यांच्याच शेजारचं, लहान. पैसा गावातून वर्गणीनं उभा राहतो. काही वर्षी पोलीस परवानगी आयत्या वेळी नाकारली गेलेली आहे, पाहुण्यांना वाटेत अडवलं गेलेलं आहे. त्यामुळे इथले संयोजक व्याख्यात्याला बोलावतात तेव्हा दुसरा वक्ताही मनाशी धरून ठेवतात.

सकाळी आठला ग्रंथदिंडी. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढं लेझीम, मागं डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. दारोदार सडा-रांगोळी आणि प्रत्येक दारात पालखी थांबवून ओवाळणी, म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या रस्त्याला दोन तास. पुण्या-मुंबईच्या ग्रंथदिंड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तिथं फेटे भाड्याचे असतात आणि फोटो झाला की पांगापांग होते. इथं दिंडीतली माणसं संध्याकाळी कविसंमेलन संपेपर्यंत मांडवात होती.

उद्घाटन झालं, अध्यक्षीय भाषण झालं, मग पंगत. पाहुणे वेगळे आणि गाव वेगळं असा प्रकार नाही. सगळे एका रांगेत, वाढणारी पोरं शाळेतली. “बाई, आमटी घेतलासा काय? भात आणू?” असं विचारत एक मुलगा माझ्याभोवती इतक्या फेऱ्या मारत होता की शेवटी मी पान झाकून बसले.

माझं सत्र जेवणानंतरचं. व्याख्यात्याला याहून मोठी शिक्षा नाही. ऊन मांडवातून झिरपत होतं, मागची पोरं पेंगत होती, पुढं सतरंजीवर बायका बसल्या होत्या. मी टिपण बाजूला ठेवलं आणि शाईपासून सुरुवात केली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापखाना काढला तेव्हा छापील पोथी सोवळ्यात चालेल का, असा प्रश्न उठला. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणत. त्यावर तोड म्हणून तुपाची शाई केली गेली. चरबी आणि तूप म्हटल्यावर मांडव जागा झाला. त्यात तांबटाची उलटी अक्षरंही घातली. कोल्हापूरच्या आजोबांचं नाव घेऊन सांगितलं, तेव्हा पुढच्या एकीनं शेजारणीच्या तळहातावर बोटानं उलटं अक्षर काढून पाहिलं.

मग हात वर झाला. पन्नाशीच्या बाई, डोक्यावर पदर.

“बाई, एक विचारू काय? हे छापणारे सगळे बाप्येच. बाईमाणसाचं लिहिलेलं पहिल्यांदा कधी छापलं म्हणे?”

मी मुक्ता साळवेबद्दल सांगितलं. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिनं लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. ‘ज्ञानोदय’ अहमदनगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांचं. तिच्याही आधी कोणा बाईचं काही छापलं असेल, पण इतकं रोखठोक लिहिलेलं दुसरं मला माहीत नाही. मग ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे, १८८२.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. “आमच्या पुस्तकात ह्यांचा धडा नव्हता की.”

नव्हता. मी सातवी-आठवीत असतानाही नव्हता. यावर मी एवढंच म्हटलं आणि त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, हे दिसत होतं. नंतर त्यांनी विद्यार्थ्याच्या टेबलावर मुक्ता साळवेवरचं पुस्तक मागितलं. आमच्याकडे नव्हतं. त्यानं गावच्या वाचनालयाच्या नावानं पाठवायचं कबूल करून पत्ता लिहून घेतला.

कोणी म्हणतं, आता सगळी व्याख्यानं मोबाइलवर मिळतात, तर माणूस कशाला हलवायचा? मिळतात खरी. पण मोबाइलवरच्या वक्त्याला त्या बाईंनी अडवलं नसतं, आणि त्याचंही पुढचं व्याख्यान बदललं नसतं. माझं बदललं. मडगावसाठी मी मुक्ता साळवेला शेवटच्या पाच मिनिटांतून उचलून मध्यावर आणलं.

सोमवार, मडगाव

पहाटे बेळगावहून गाडी. लोंढा, कॅसलरॉक, मग घाट. दूधसागरला जानेवारीत पाणी अंगापुरतंच, तरी डब्यातली सगळी माणसं उजव्या-डाव्या खिडक्यांशी धावली. मडगावला उतरलो तर हवा दमट आणि घ्यायला आलेले गृहस्थ पांढऱ्या मिशांचे, स्कूटरवर. प्रोजेक्टर त्यांच्या पायाशी, मी मागं, विद्यार्थी रिक्षानं.

गोव्यात छापखान्यावर बोलायचं म्हणजे जरा धास्तीच असते, कारण गोष्ट इथंच सुरू होते. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला आणि जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात लागला. पुढं १६१६ मध्ये मडगावशेजारच्या राशोलला फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाचं, ख्रिस्ताची कथा सांगणारं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. हजारो ओव्या, भाषा मराठी, अक्षरं रोमन. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, पाडणं तेव्हा जमलं नाही, म्हणून रोमन. त्याच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतली एकही छापील प्रत आज कोणाला ठाऊक नाही. आपल्याला पुराण मिळालं ते हस्तलिखितांवरून. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ते छापून काढलं. पोर्तुगीज सरकारनं १६८४ मध्ये इथल्या लोकांच्या भाषेवर बंदीचा हुकूम काढला आणि ज्या भूमीवर देशातला पहिला छापखाना लागला तिथं लोकभाषेचं छापणं पुढं बराच काळ थंडावलं. म्हणजे यंत्र आधी आलं म्हणून वाचक आधी तयार होतो असं नाही. माझ्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा हाच आणि तो पुण्यात सांगताना मला नेहमी पुस्तकी वाटतो. मडगावात नाही वाटला.

इथल्या मंडळींना व्याख्यानाची सवय चांगली आहे. गोमंत विद्यानिकेतन ही संस्था १९११ पासूनची. पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं ते १९१० मध्ये, आणि त्या मोकळिकीत गोव्यातल्या हिंदूंच्या संस्था उभ्या राहायला लागल्या. समोर बसलेल्यांत मराठीवाले, कोकणीवाले दोन्ही होते. देवनागरीतल्या कोकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या कायद्याला इतकी वर्षं झाली तरी लिपीचं नाव काढलं की दोन्हीकडच्या भुवया चढतात. ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत मराठी होतं म्हटल्याबरोबर एक गृहस्थ उठले आणि स्टीफन्सनं कोकणीचं व्याकरणही लिहिलं होतं ते सांगायला विसरू नका, म्हणाले. बरोबर होतं. ते व्याकरण १६४० मध्ये, स्टीफन्सच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. ते माझ्या पुढच्या पानावर होतंच, पण त्यांच्या तोंडून आलं ते बरं झालं. सभेचा अर्धा ताण तिथंच उतरला.

शेवटी एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ उठले. माइक नको म्हणाले. त्यांच्या आजीच्या घरी, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, पुराणातल्या ओव्या म्हणत, असं तिनं त्यांना सांगितलेलं. पुस्तक घरात नव्हतं, कोणी पाहिलंही नव्हतं. ओव्या तोंडपाठ. आजीला त्यातलं अर्धं कळायचं नाही, असंही त्यांनी हसत सांगितलं. आणि दोन ओळी म्हणून दाखवल्या. चाल साधी, आपल्याकडच्या कुठल्याही ओवीसारखी.

ज्या पुस्तकाची एकही छापील प्रत उरली नाही, त्याच्या ओव्या अशा टिकून होत्या. छापखान्यावरच्या व्याख्यानाला याहून अवघड प्रश्न कोणी विचारला नसता, आणि त्यांनी तर तो प्रश्न म्हणून विचारलाही नव्हता. मी ठरलेला समारोप केला नाही. कार्यवाहांना खूण केली, त्यांनी आभार मानले.

रात्री जेवताना त्यांनी पाकीट हातात ठेवलं. “फूल ना फुलाची पाकळी!” हे वाक्य सगळीकडे तेच. पाकीट मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जाडीचं असतं आणि ते घरी जाऊन उघडायचा संकेत आहे. मी संकेत पाळत नाही. सावंतवाडीच्या गाडीभाड्याचा हिशोब आधी जमवावा लागतो.

मंगळवार, राशोल आणि सावंतवाडी

सकाळी राशोलला जाऊन आलो. जुआरीच्या काठावर, जुन्या किल्ल्याच्या वेशीतून आत गेलं की सेमिनरीची भली मोठी पांढरी इमारत. छापखाना लागला त्याची काही खूण शोधायला गेलेल्याला हाती काही लागत नाही. नदी, नारळ आणि पायऱ्या. तरी इथं उभं राहून १६१६ म्हणायला बरं वाटलं.

दुपारच्या गाडीनं सावंतवाडी रोड, तिथून रिक्षानं गावात. मोती तलावाच्या काठी चहा, संध्याकाळी व्याख्यान, रात्री बांगडा. व्याख्यान ठीक झालं, बांगडा उत्तम.

एक गोष्ट सांगायला हवी. इथल्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी श्रोत्यांना चहा पाजला तो व्याख्यानाच्या आधी. “नंतर ठेवला की मधेच उठून जातत,” म्हणाले. सगळ्या महाराष्ट्रानं उचलावी अशी युक्ती.

बुधवार, पोंभुर्ले

आज व्याख्यान नव्हतं. कणकवलीच्या एका वाचनालयाच्या मंडळींनी गाडी काढली होती. तळेऱ्याहून विजयदुर्गच्या रस्त्याला वळून पोंभुर्ल्याला गेलो. बाळशास्त्री जांभेकरांचं हे गाव. त्यांनी काढलेल्या ‘दर्पण’ या मराठीतल्या पहिल्या वृत्तपत्राचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, म्हणून त्या दिवशी इथं पत्रकारांची गर्दी असते. आम्ही गेलो तेव्हा गर्दी ओसरून आठवडा होत आला होता, हार सुकले होते, स्मारकाच्या आवारात दोन पोरं सायकल शिकत होती.

‘दर्पण’च्या पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. वीस वर्षांच्या तरुणानं काढलेलं पत्र. १८४० मध्ये ते बंद पडलं आणि त्याच साली त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू केलं. १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी छापली आणि १८४६ मध्ये गेले. ज्या वर्षी ‘दर्पण’ निघालं, त्याच १८३२ च्या सप्टेंबरात पणजीत सरकारी वाचनालय उघडलं, ही जोडी मी दौऱ्यावर निघण्याआधी कधी शेजारी शेजारी लिहिली नव्हती. मुंबई आणि पणजी, दोन वेगवेगळी राज्यं, आणि त्यांच्या मध्ये कुठंतरी हे गाव. गाडीतल्या मंडळींपैकी एकजण म्हणाला, “बाळशास्त्री हयसून मुंबैक कसे गेले असतीत?” होडीनं, दुसरं काय. खाडीकडे बघत आम्ही बराच वेळ त्या प्रवासाचे टप्पे मोजत बसलो.

गुरुवार, रत्नागिरी

राजापूर, लांजा करत दुपारी रत्नागिरी. इथलं नगर वाचनालय १८२८ चं, राज्यातलं सर्वांत जुनं म्हणतात, म्हणजे ‘दर्पण’ निघण्याआधीचं. रत्नागिरीकर हे व्याख्यात्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात आणि मग शांतपणे त्याचं ऐकून घेतात.

संयोजकांपैकी एकजण बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याशी दुपारभर पैशांवर बोलणं झालं आणि ते मला त्या दिवशीच्या व्याख्यानाहून महत्त्वाचं वाटलं. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, वाचनालयाच्या वर्गाप्रमाणे, अ, ब, क, ड, अनुदान मिळतं, पण ते पुस्तकं आणि पगार यांतच संपतं. व्याख्यानमाला देणगीवर चालते. कोणा डॉक्टरनं वडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेली ठेव, एखादी पतसंस्था, एखादा मंगल कार्यालयाचा मालक. व्याज उतरलं की दिवस उतरतात. सात दिवसांची माला पाच दिवसांची, मग तीन दिवसांची. त्यात टीव्हीवर दिसणारा वक्ता हवा असा आग्रह वाढलेला. तो विमानानं येतो, एका भाषणात बाकीच्या दोन दिवसांचे पैसे नेतो आणि लोक सभागृहाबाहेर उभे राहून ऐकतात. “गर्दी होते, मॅडम. पण दुसऱ्या दिवशी त्यातला एकही परत येत नाही,” ते म्हणाले. माझं मत विचाराल तर मोठं नाव एका संध्याकाळी जरूर आणावं, पण ठेवीचं व्याज त्याला देऊ नये. ते नवख्या अभ्यासकांच्या गाडीभाड्यासाठी राखून ठेवावं. माझ्यासोबतचा विद्यार्थी तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यावर काम करतो. तिथं १८०६ मध्ये मराठीत इसापाच्या गोष्टी छापल्या होत्या, हे मिरजेच्या गीतेइतकंच नवलाचं आहे. त्याचं नाव मी त्यांच्या वहीत लिहून आले.

संध्याकाळचं व्याख्यान दौऱ्यातलं सर्वांत चांगलं झालं. त्यात तांबटाची उलटी अक्षरं होती, खेड्यातल्या बाईंचा प्रश्न होता, आजीच्या पाठ ओव्या होत्या. कोल्हापूरला शुक्रवारी यातलं काहीच नव्हतं. मी प्रत्येक गोष्टीला ज्याचं त्याचं गाव जोडून सांगितली. शेवटच्या रांगेतून विद्यार्थ्यानं मनगटावर बोट ठेवलं तेव्हा माझी दहा मिनिटं जास्त झाली होती.

रात्री संयोजक वही उघडून बसले. सगळ्या गावांचा प्रवासखर्च वाटून घ्यायचा, शेवटचा हिशोब शेवटच्या गावानं करायचा, असं ठरलेलं. कोल्हापूरची एसटी, बेळगावची रेल्वे, मडगाव–सावंतवाडी, सगळी तिकिटं त्यांनी एकेक करून टाचणीनं लावली.

“सावंतवाडी स्टेशनच्या रिक्षाची पावती?”

“रिक्षावाला पावती देत नाही हो.”

“मग तुम्ही लिहून सही करा. ऑडिटला लागतं.”

मी लिहून सही केली. त्यांनी तारीख घालायला सांगितली, मग तीही घातली.